लक्ष्मणचं स्पेलिंग आणि अडकलेली स्कॉलरशिप

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. पावसाळ्यात तिथे लाईट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, आणि ॲडमिशन नेमक्या त्याच दिवसांत. सायन्समधून पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, झाल्यावर बेळगावात डिग्रीला प्रवेश घेतला तेव्हा काजूचे पैसे संपलेले होते आणि भात अजून पाण्यात उभा होता. बाबांनी मामाकडून उसने आणून पहिला हप्ता भरला. पुढचं मी मोबाईलवरून आणि ग्राम वनच्या (गावातल्या सरकारी ऑनलाइन सेवांच्या) सेंटरमधून शोधलं. यंदा पीयूसी देणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांसाठी ते लिहून ठेवते.

आधी आपला अर्ज कुठल्या राज्याचा, हे ठरवा. आपण कर्नाटकचे रहिवासी, म्हणून आपलं पोर्टल एसएसपी, म्हणजे कर्नाटक सरकारचं स्टेट स्कॉलरशिप पोर्टल. मागासवर्गीय, समाजकल्याण, अल्पसंख्याक अशा खात्यांसाठी तिथे एकच अर्ज भरायचा. कुठल्या योजनेत बसता हे सिस्टीम ठरवते. माझ्या मावसबहिणीचा कोल्हापुरातला अर्ज बघून मी माझा भरायला बसले होते, ते साफ चुकलं. मराठा समाज कर्नाटकात ३ब या मागासवर्गीय गटात येतो, महाराष्ट्रातली वर्गवारी वेगळी. ज्यांना कोल्हापूर-पुण्याला इंजिनिअरिंगला जायचंय, त्यांच्यासाठी तिथल्या केंद्रीय प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांची ‘टाइप ई’ उमेदवारी आहे. पण ती सोय प्रवेशाची. महाडीबीटीवरच्या, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरच्या, बहुतेक योजना महाराष्ट्राचा अधिवास मागतात, तेव्हा फीचं गणित आधी मांडा आणि मगच तिकडची सीट घ्या.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या ऑफिसातून, मिळतो. त्यावर छापलेला आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप येते. माझं घोडं इथेच अडलं. आधारवर बाबांचं नाव ‘लक्ष्मण’ आपल्या मराठी वळणाने, एक्स घालून लिहिलेलं. माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डावर तेच नाव के-एस-एच घालून, इकडच्या पद्धतीने. माझ्या नावातही एका ‘ए’चा फरक. घरात याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि का द्यावं? उच्चार तर एकच. कॉम्प्युटरला मात्र ती दोन माणसं वाटतात. आधार दुरुस्त करून घेण्यात माझा दीड महिना गेला. म्हणून आज संध्याकाळीच आधार, मार्क्स कार्ड, दाखले आणि पासबुक एका चादरीवर मांडा आणि प्रत्येकाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा. आईबाबांचंही. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

दुसरं पोर्टल केंद्राचं, एनएसपी (नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल). तिथे एकदा नोंदणी केली की १४ अंकी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) नंबर मिळतो, तो जपून ठेवा. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या योजनेतून डिग्रीला वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात. टेक्निकल डिग्री किंवा डिप्लोमाला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) ‘प्रगती’ स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५०,००० रुपये. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख, आणि एका घरातल्या दोन मुलींना ती मिळते. आपल्याकडे धाकटीचं शिक्षण थोरलीच्या फीपायी थांबतं, म्हणून ही दोन मुलींची गोष्ट घरी आवर्जून सांगा.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. आधी कॉलेज तपासतं, मग वरचं ऑफिस. दर आठ दिवसांनी स्टेटस बघा. ‘डिफेक्टेड’ (अर्जात त्रुटी) दिसलं तर घाबरू नका, मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. कॉलेजमधल्या स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कना प्रिंट नेऊन द्या आणि नम्रपणे पुन्हा पुन्हा विचारा.

पहिल्या वर्षी माझा अर्ज मंजूर झाला, पण पैसे येईनात. चार महिन्यांनी कळलं की माझं आधार प्राथमिक शाळेत असताना उघडलेल्या, बंद पडलेल्या खात्याशी जोडलेलं होतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे अर्जातल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या एका बँकेशी एनपीसीआयमध्ये (बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत) जोडलेलं असेल तिथे जातात. मायआधारच्या साईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसतं. बदलायचं असेल तर चालू खात्याच्या शाखेत संमतीचा फॉर्म द्यावा लागतो.

एवढं करूनही कमी पडलं तर कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात तारण नाही, जामीनदार नाही. पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरतीच आहे, तेव्हा आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. कर्ज घरी सगळ्यांनी बसून, व्याजासकट मोजून घ्या.

आणि “स्कॉलरशिप मंजूर झाली, प्रोसेसिंगचे पाचशे पाठवा” असा फोन आला तर ठेवून द्या. एसएसपी आणि एनएसपी दोन्हीकडे अर्जाला फी नाही. सेंटरवाल्याला त्याच्या कामाचे पैसे द्यावेत, पण पासवर्ड आपल्याच वहीत ठेवावा. पुढच्या वर्षी रिन्युअलला तो लागतोच. केंद्राच्या योजनेत त्यासाठी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे भातलावणीला गावी आले की मी आधी हजेरीचे दिवस मोजते.