जास्वंद म्हणजे कपाशीची सख्खी बहीण, खान्देशात ती लावायची कशी

जास्वंद लावली पण कळ्या गळतात, पांढरा कापूस आलाय फांद्यांवर, पानं पिवळी पडली, असं आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. मी अमळनेरला राहते, दारात चार जास्वंदी आहेत, त्यातली एक गावठी लाल सासूबाईंच्या वेळची. एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते एका वाक्यात सांगते, जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी हे सगळं एकच घराणं. अंबाडीचं नाहीतर भेंडीचं फूल बघा, पाच पाकळ्या आणि मधला तो दांडा, जास्वंदासारखाच. म्हणजे कपाशीवर जी कीड येते ती बरीचशी हिच्यावरही येणार, आणि कपाशीची काळजी तर आपल्या माणसांना शिकवावी लागत नाही, फक्त तीच नजर दारातल्या झाडाकडे वळवायची.

रोप घेताना पहिल्यांदा गावठी लाल एकेरीच घ्या. नर्सरीत मोठ्या फुलांच्या हायब्रीड जाती दिसतात, केशरी, पिवळ्या, दोन रंगाच्या, दिसायला फार सुंदर, पण मी एप्रिलमध्ये एक आणली आणि मे महिन्याच्या उन्हात ती गेलीच. आपल्याकडे 44-45 डिग्री होतं, नवीन मुळं तेवढं सहन करत नाहीत. हायब्रीड घ्यायचीच असेल तर पावसाळा सुरू झाल्यावर घ्या.

आता माती. आपली काळी माती शेताला सोनं आहे पण कुंडीत नुसती काळी माती भरली की पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, दोन्हीकडून मुळं मरतात. मी अर्धी माती घेते, उरलेल्या अर्ध्यात जुनं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडी 12 इंचाच्या खालची नको आणि खालचं भोक मोकळं पाहिजे. चुलीची राख मात्र टाकू नका, आपली माती आधीच चुनखडीची, राखेने अजून बिघडते.

चुनखडीवरून आठवलं, पानं पिवळी पडली की लगेच खत टाकायला धावू नका, आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह कमी पडतंय, मातीत लोह असतं पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही, त्यात बोअरचं जड पाणी, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना तोच. कृषी केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, मिळतं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, दोन-तीन आठवड्यांत नवीन पानं हिरवी येतात. खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील तर ते बहुतेक वेळा पाण्याचं दुखणं, जास्त किंवा कमी. सासूबाई म्हणायच्या, "माटी देख, मंग पानी टाक." बोट दीड-दोन इंच आत घालायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. मे महिन्यात मात्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागतं आणि कुंडी गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवायचीच नाही, खाली विटा ठेवा, वर हिरवी नेट बांधा, मातीवर केळीची सुकी पानं अंथरा. अकरा वाजेपर्यंतचं ऊन मिळालं तरी झाड खूष. त्या दिवसांत कळ्या गळल्या तर गळू द्या, झाड स्वतःला वाचवतंय.

पण बाकीच्या दिवसांतही कळ्या गळत असतील तर गळलेली कळी हातात घ्या, नखाने उभी फाडा आणि पांढऱ्या कागदावर झटका. जिऱ्याहूनही कितीतरी बारीक, लांबुळके किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. कळीला भोक असेल तर अळी. आत काहीच नसेल तर पाण्यात खंड पडलाय नाहीतर युरिया जास्त झालाय. फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, ऊन उतरल्यावर, आठवड्याने परत, आणि गळलेल्या कळ्या उचलून लांब टाका, कुंडीत पडू देऊ नका.

आता सगळ्यात मोठा त्रास, मिलीबग, आपण पिठ्या ढेकूण म्हणतो तो, फांद्यांवरचा पांढरा कापूस म्हणजे हाच. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून घराजवळ सरपणाला रचतात, आमच्याही भिंतीला रचल्या होत्या, आणि फेब्रुवारीत माझ्या चारही जास्वंदी पांढऱ्या झाल्या, मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून पऱ्हाट्या दारात येऊ देत नाही. आणि झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की समजा वर मिलीबग किंवा मावा आहे, मुंग्या त्यांचा चिकट गोड रस खातात आणि त्यांना राखतात, म्हणून आधी मुंग्या थांबवा. मग जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका, उरलेल्यांवर पाण्याचा जोरात फवारा, मग नीम तेल, आठ-आठ दिवसांनी तीन वेळा तरी. एक गोष्ट मात्र जवळून बघा, पांढऱ्या किड्यांमध्ये काही तपकिरी, कडक, फुगीर दिसतील. ते काढू नका! एक बारीक मित्रकीटक त्यांच्यात अंडी घालतो, ते मेलेले असतात आणि त्यातून तो बाहेर येऊन बाकीचे मिलीबग संपवतो. विषारी फवारा मारला की तोही मरतो.

खताचं म्हणाल तर जास्वंद खादाड आहे आणि तिला पालाश आवडतं. केळीबागा असलेल्यांच्या घरी ठिबकला सोडायचं 0:0:50 हे पालाशचं पाण्यात विरघळणारं खत असतंच, लिटरला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. नसेल तर केळीच्या साली कुजवून टाका. डीएपी फार नको, त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं आणि जास्त स्फुरदाने लोह अजून अडकतं.

छाटणी चुकवू नका, कारण फूल नवीन फांदीवरच येतं. मोठी छाटणी थंडी सरली की फेब्रुवारीत, एक तृतीयांश कापा. दुसरी हलकी, फक्त शेंडे, पहिला चांगला पाऊस पडला की जूनच्या शेवटी, तिथून साधारण सहा-आठ आठवड्यांत कळ्या भरतात, म्हणजे श्रावणात कानबाईला, आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सुरुवात आणि गणपतीला परडी भरते. ऐन एप्रिल-मे मध्ये कात्री लावू नका.

जूनच्या त्या छाटणीचे तुकडे टाकून देऊ नका, पेन्सिलीएवढी जाड काडी, सहा इंच, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या खाली तिरपा, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा आणि वाळू-मातीत सावलीत लावा. महिना-सव्वा महिना लागतो, फुटली का म्हणून रोज उपटून बघू नका. मी दरवर्षी दहा लावते, सहा-सात जगतात, शेजारणींनी आधीच नंबर लावलेले असतात.