काढा उकळण्याआधी: घरच्या वनौषधी कशा वापराव्यात आणि कुठे थांबावं

आमचे हे कळव्याच्या भजनी मंडळात गातात. गुरुवारी आणि एकादशीला ठरलेलं, सप्ताह असला की रोज. आवाज बसू नये म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळायची त्यांना सवय, आणि कांड्या पुरवणारी मी. जांभळी नाक्यावरून पाव किलो आणायचे, अडकित्त्याने बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि झब्ब्याच्या खिशात टाकायचे. एका आषाढात सप्ताहाच्या नादात दिवसाला सात-आठ तुकडे सुरू झाले, ते दिवाळीपर्यंत सुटलेच नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर पायांना सूज यायला लागली. चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. रात्री पोटऱ्यांत गोळे. एका गोळीवर वर्षानुवर्षं १३० च्या आसपास असलेलं बीपी १७० वर गेलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८, जे साडेतीनच्या खाली जायला नको. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणतं औषध घेता?" हे म्हणाले, "काही नाही." शेजारी बसून मीही मान डोलावली. २८ वर्षं ठाण्यात मेडिकलच्या काउंटरमागे काढलेली बाई मी, फार्मसीची पदविका घरात भिंतीवर टांगलेली! उठता उठता ह्यांनी सवयीने खिशातून कांडी काढून तोंडात टाकली आणि डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे?"

ज्येष्ठमधात ग्लिसऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं. ते मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यात ह्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी, म्हणजे पोटॅशियम घालवण्यात तिचाही हात. कांडी बंद झाली, पोटॅशियमचं औषध मिळालं, तीन आठवड्यांत पाय पूर्ववत. घसा खवखवतोय म्हणून दोन-चार दिवस ज्येष्ठमध चघळायला माझी आजही ना नाही. पण बीपीचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि चार-चार महिने तर कुणीच नाही.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. घरातला प्रत्येक माणूस पोटात काय काय घेतो ते लिहायचं: डॉक्टरांच्या गोळ्या, आणि त्यांच्याच खाली त्याच अक्षरात काढे, चूर्णं, रस, सकाळी उपाशीपोटी घेतलेलं चमचाभर काहीही. किती, केव्हापासून, कशासाठी. दवाखान्यात जाताना त्याचा फोटो न्यायचा. ऑपरेशन ठरलं असेल तर हा कागद भूलतज्ज्ञाला आधी दाखवायचा. लसूण, आलं आणि हळदीच्या कॅप्सूल रक्त गोठण्यात लुडबूड करू शकतात, म्हणून अशा गोष्टी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. भाजी-आमटीतल्या हळदीला कुणी हरकत घेत नाही, प्रश्न कॅप्सूलचा आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कॅप्सूल विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

काउंटरवर सगळ्यात जास्त पाहिली ती मधुमेहाची मंडळी. साखरेची गोळी आहेच, वर कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. एक काका माझ्यासमोर घामाने डबडबले, पैसे मोजताना हात थरथरायला लागले. स्टुलावर बसवून साखरपाणी दिलं, दहा मिनिटांत माणूस बोलायला लागला. म्हणाले, "तीन-तीन उपाय करतोय, तरी चक्कर येते." अहो, तीन उपाय करताय म्हणूनच येते! कारलं आणि मेथी साखर खाली आणतात हे खरं, आणि गोळीही तेच करते. रस घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून आणि साखर तपासत घ्या.

आता खरेदी. चूर्णापेक्षा अख्खी वस्तू घ्या: सुंठेचं कुडं, अख्खी हळकुंडं, सालीचा तुकडा. पुडीत काय दळलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हळदीच्या पुडीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. घरी आणल्यावर पुडीवर नाव आणि तारीख लिहा. पावसाळ्यात आपल्याकडे जी दमट हवा असते तिच्यात काष्ठौषधींना बुरशी धरतेच. पांढरी लव दिसली की ती पुडी उन्हात घालून वाचवायची नाही, फेकायची. तयार आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक बघा. बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा असलं विषारी द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती दिसली की डबी खाली ठेवून वैद्य गाठायचा.

झाडावरून तोडणार असाल तर कुठून तोडताय ते बघा. नाल्याच्या काठचं, घोडबंदर रोडच्या दुभाजकावरचं, सोसायटीत औषध फवारलेलं नको. येऊरला जाऊन मुळं खणणारे हौशी लोक मी पाहिलेत. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं पानही तोडायचं नाही. बाल्कनीत तुळस, पानओवा, गवती चहा, कोरफड आणि मोठ्या कुंडीत अडुळसा एवढं लावलं तरी घरापुरतं भरपूर होतं.

अडुळशावर माझा जीव आहे, त्यामुळे त्याची कृती सविस्तर सांगते. समोरासमोर लांबट पानं, आणि पांढरं फूल जबडा उघडलेल्या सिंहासारखं, आत जांभळ्या रेषा. ही ओळख पटल्याशिवाय पुढे जायचं नाही. कच्चं पान पाट्यावर कितीही रगडा, रस सुटत नाही, नुसता चोथा होतो. माझी मुरबाडची आजी पानं केळीच्या पानात गुंडाळून चुलीच्या गरम राखेत पुरायची. मी मोदकपात्र वापरते. सात-आठ पानं धुऊन दहा मिनिटं वाफवायची. हिरवा रंग काळपट झाला की गरम असतानाच ठेचायची आणि सुती फडक्यात पिळायची. दोन चमचे गडद, कडूजहर रस निघतो. मोठ्या माणसाने त्यात मध घालून दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस घ्यायचा. छातीत अडकलेला कफ सुटायला लागतो. हा काही आजीबाईचा भ्रम नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन तयार झालं, आणि आज निम्म्या कफ सिरपांवर ते नाव किंवा त्याच्या भावाचं, ॲम्ब्रॉक्सॉलचं, नाव सापडेल.

पण तेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं. दिवस गेलेल्या बाईने अडुळसा घ्यायचा नाही, एक चमचाही नाही. आणि खोकला दोन आठवडे हटत नसेल, ताप असेल, वजन उतरत असेल, थुंकीत रक्त दिसलं तर मोदकपात्र बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करून घ्या. तो क्षय असू शकतो. काढ्यांवर महिने काढून मग आलेले लोक मी पाहिलेत.

कोविडच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा सुचवला होता. लोक थर्मास भरून दिवसभर प्यायले. पुढचे दोन महिने मी जळजळीच्या गोळ्या विकत होते! त्याच काळात गुळवेलीचं पीक आलं. गुळवेल तापातली जुनी, मानाची औषधी आहे, पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यावर इजा झाली होती. मंत्रालयाला हे पटलं नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते असं त्यांचं म्हणणं. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, खोडाची वरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. खोडावर बारीक बारीक गाठी आणि कापल्यावर दुधासारखा चीक असेल तर ती दुसरी. माझा नियम कडक आहे: यकृताचा किंवा आमवातासारखा, थायरॉइडसारखा स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर गुळवेल नाही. बाकीच्यांनीही वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवस. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडाली की त्याच दिवशी बंद आणि यकृताची तपासणी.

कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो. पान वाटीत पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग साल काढून गर दोनदा धुवा. भाजलेल्या कातडीला, केसांना तो गर लावा, छान आहे. तो चीक वाळवला की काळा बोळ होतो. जबरदस्त रेचक. पोटात मुरडा, वर शरीरातले क्षार जातात. गरोदरपणात तर नकोच.

बाळाला उगाळून द्यायच्या गुटीचा विषय काढला की घरात वाद होतो. आमच्याकडेही झाला. नातीच्या वेळी विहीणबाई सहाण, मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड असा सगळा संच घेऊन आल्या होत्या, आणि मी आडवी आले. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवायचं नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. जायफळाचा वेढा जास्त पडला तर बाळ शांत झोपत नाही, गुंगीत जातं. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. विहीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सहाण आता चंदन उगाळायला आहे. तुमच्याकडे सहा महिन्यांनंतर द्यायचीच असेल तर बालरोगतज्ज्ञांना एकेक नाव सांगून विचारा.

सकाळी फिरायला गेलं की दुधीचा रस पिणारे भेटतात. दुधीचा बारीक तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो दुधी कचऱ्यात. मीठ-लिंबू घालून कडूपणा दडवायचा नाही. त्या कडूपणातली कुकुर्बिटासिनं रक्ताच्या उलट्या आणि बीपी कोसळण्यापर्यंत नेतात. यातून मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये समिती नेमून हाच इशारा दिला.

पावसाळ्यात कळवा स्टेशनबाहेर शहापूरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून खूप शिकले. एकदा शेवळं घेताना विचारलं, "मावशी, खाजणार नाही ना?" "काकडं घातल्याबिगर खाजणारच ताई," म्हणाल्या आणि मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, वर टाकली. भारंगीची पानं दोनदा उकळून पाणी टाकायला त्यांनीच शिकवलं. पण तीच माणसं कळलावीच्या कंदाला हात लावत नाहीत. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं सुंदर फूल, आणि कंदात कोल्चिसिन, थोडं पोटात गेलं तरी जीव घेणारं. तसंच कण्हेर आणि बिट्टी. बिट्टी तर सोसायटीच्या कुंपणाला असते, मुलं तिच्या बियांनी खेळतात. एखादी चावली तर हृदयाचे ठोके बिघडतात. धोतऱ्याची पानं दम्याला ओढायची पद्धत होती, ती विसरा. टाचांच्या भेगांवर बिब्बा घालणारे अजून आहेत. पायावर पाण्याचे फोड घेऊन दुकानात यायचे आणि 'मलम द्या' म्हणायचे.

असलं काही पोटात गेलंच तर उलटी काढायला मीठपाणी पाजू नका, दूध-तूपही नको. तोंडातलं उरलेलं काढा, चूळ भरायला लावा, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे. उरलेलं पान, बी, पुडी, काढ्याचा चोथा पिशवीत घालून सोबत न्या. 'हिरवं काहीतरी होतं' यावर डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत. किती वाजता आणि किती खाल्लं ते हातावर पेनाने लिहा, धावपळीत विसरायला होतं.

ह्यांच्या खिशात आता लवंग आणि खडीसाखर असते. भजन जोरात चालू आहे. खडीसाखर दिवसाला किती जाते ते परवा कागदावर लिहायला सांगितलं, तर म्हणाले, "ते काय औषध आहे?" पुढच्या महिन्यात साखर तपासायची आहे.