वन बीएचके फ्लॅटमधील फर्निचरची आखणी: आधी वाट, मग वस्तू

मुंबई-ठाण्यातील किंवा पुण्यातील वन बीएचके फ्लॅटमध्ये सोफा मावेल का, हा प्रश्न पुष्कळदा सोफा पसंत झाल्यानंतर विचारला जातो. खरे म्हणजे दुकानात जाण्यापूर्वीच घरातली माणसे कुठून कुठे चालणार, दारे कोणत्या बाजूला उघडणार आणि तेवढी जागा सोडल्यावर भिंतीलगत किती फूट उरणार, हे ठरलेले असायला हवे. दहा बाय चौदाचा हॉल आणि दहा बाय अकराची बेडरूम असा नेहमी आढळणारा फ्लॅट समोर ठेवून ही आखणी कशी करावी, ते पाहू.

मापे स्वतः घ्यावीत. बिल्डरने दिलेल्या नकाशावर विसंबून राहू नये, कारण २०१६ च्या रेरा या घरबांधणी क्षेत्राच्या कायद्यानुसार कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतील भिंतींनी व्यापलेली जागाही धरली जाते आणि फर्निचरच्या वाट्याला येणारी फरशी त्याहून कमी भरते. प्लास्टर व फरशी पूर्ण झाल्यावर प्रत्येक भिंत टेपने मोजावी, भिंतीतून पुढे आलेला कॉलम वेगळा टिपावा, आणि खिडकीच्या कट्ट्याची उंची, स्विचबोर्ड, एसीचा पॉइंट व पंख्याचा हूक यांच्या जागाही लिहून घ्याव्यात. मग चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक चौकोन धरून खोली काढावी आणि वस्तूंचे तुकडे त्याच प्रमाणात कापून ते सरकवून पाहावेत.

कागदावर सर्वप्रथम दारे काढावीत. तीन फुटांचे दार उघडताना तीन फूट त्रिज्येचा पाव गोल व्यापते, आणि त्या गोलात चपलांचे कपाटसुद्धा येता कामा नये. त्यानंतर मुख्य दारापासून स्वयंपाकघर, बाथरूम आणि बाल्कनीपर्यंतच्या वाटा रंगवाव्यात. एका माणसाला सहज चालायला अडीच फूट पुरतात; दिवसभर ये-जा असेल तिथे तीन फूट ठेवावेत. घरात वयस्कर माणसे असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट सरळ असावी आणि तिच्यात टीपॉय किंवा सतरंजीची दुमडलेली कड येऊ नये, ही अट मी इतर सर्व सोयींच्या आधी ठेवतो.

सर्वाधिक चुका बेडरूममध्ये होतात, म्हणून तिथले गणित नीट मांडायला हवे. दहा फुटांच्या भिंतीला दोन फूट खोल वॉर्डरोब लावला की अकरा फुटांपैकी नऊ फूट उरतात. पलंगाची डोक्याची बाजू शेजारच्या लांब भिंतीला लावली, तर साडेसहा फूट लांबीचा पलंग ठेवून पायथ्याशी साडेतीन फूट मोकळे राहतात, हे चांगलेच आहे. प्रश्न रुंदीचा आहे. पाच फुटी पलंग घेतल्यास चार फूट शिल्लक राहतात. त्यांतले अडीच फूट वॉर्डरोबसमोर आणि दीड फूट पलीकडे अशी वाटणी करता येते, आणि दोन्ही बाजूंनी उठता येते. सहा फुटी पलंग आणला तर पलीकडे जेमतेम अर्धा फूट उरतो, म्हणजे भिंतीकडे झोपणाऱ्या माणसाला रोज दुसऱ्याला ओलांडून उठावे लागते आणि चादर खोचायलाही हात पोहोचत नाही. अशा खोलीत पाच फुटी पलंगच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पलंगाखाली सामान ठेवायचे असेल तर बाजूने ओढायच्या खणांना पुढे दीड-दोन फूट मोकळे लागतात. त्यापेक्षा गादीसकट वर उचलला जाणारा बॉक्स सोयीचा पडतो. वॉर्डरोबला सरकती दारे लावल्याने समोरची जागा वाचते, मात्र एका वेळी अर्धेच कपाट उघडते, हे लक्षात घेऊन आतले कप्पे पाडावेत.

हॉलमध्ये जी लांब भिंत दारांनी तुटलेली नाही, ती सोफ्यासाठी राखावी. सोफ्याचे पावणेतीन फूट आणि समोरच्या टीव्ही युनिटचे सव्वा फूट वजा केले की दहांपैकी सहा फूट उरतात. सोफ्यापुढे दीड फूट, मग दोन फुटी टीपॉय आणि पलीकडे अडीच फुटांची वाट, इतकेच त्यात बसते. या मापाच्या हॉलमध्ये एल आकाराचा सोफा घेताना फार जपावे, कारण त्याची आडवी बाजू बहुधा बाल्कनीच्या तोंडाशी येते आणि ओले कपडे घेऊन जाणाऱ्याला रोज वळसा घालावा लागतो. जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागे ओढून बसायला टेबलाच्या कडेपासून अडीच ते तीन फूट लागतात. ते मिळत नसतील तर भिंतीला मिटणारे टेबल घ्यावे किंवा जमिनीवर पंगत मांडता येईल एवढी फरशी मोकळी ठेवावी. गौरी-गणपती घरी बसत असतील तर तीन-चार फुटांचा तो कोपरा आणि तिथला दिवाण त्या दिवसांत कुठे सरकणार, हेही कागदावर आताच ठरवावे.

स्वयंपाकघरात ओटा आणि सिंकची जागा आधीच पक्की असते, त्यामुळे प्रश्न मुख्यतः फ्रिजचा उरतो: त्याचे दार पूर्ण उघडावे, मागे हवा खेळावी आणि तो शेगडीला खेटून नसावा.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरण्याचा धोका अधिक असतो. बाथरूमला लागून असलेली भिंतही तशीच असते. अशा भिंतींना लाकडी कपाट टेकवू नये. दुसरी जागाच नसेल तर मागे दोन-तीन इंचांची फट ठेवावी, म्हणजे कपड्यांना बुरशी लागण्याची शक्यता कमी होते.

कागदावर जमलेली मांडणी अखेरीस फरशीवर तपासावी. पलंग, वॉर्डरोब आणि सोफा यांच्या मापाची जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून जागेवर अंथरावीत, दारे उघडून पाहावीत, आणि शक्य असल्यास दोन दिवस घरातल्या सर्वांनी त्या कागदांवर पाय न देता वावरावे. जिथे पाय वारंवार पडतो तिथली वस्तू सरकवावी किंवा लहान करावी. सुताराला माप द्यायचे ते त्यानंतर, आणि तयार वस्तू घ्यायची असेल तर तिच्याबरोबर लिफ्टचे दार व जिन्याचे वळणही मोजून घ्यावे, कारण अखंड सोफा तिथे अडला तर त्याला दुसरी वाट नसते.