इंग्लंडमध्ये घरमालक डिपॉझिट देत नसेल तर

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली आपली मंडळी घर सोडताना डिपॉझिटवर पाणी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. परक्या देशात कुठे कोर्टकचेऱ्या करायच्या, ही भीती असते. पण इथला कायदा भाडेकरूच्या बाजूने भक्कम आहे आणि नीट लिहिलेल्या एका पत्रावर पुष्कळ प्रकरणं मिटतात.

आधी डिपॉझिट कुठे आहे ते बघा. स्वतंत्र घर भाड्याने घेतलं असेल तर मालकाने ते 30 दिवसांच्या आत डीपीएस, मायडिपॉझिट्स किंवा टीडीएस यांपैकी एका सरकारमान्य योजनेत नोंदवायलाच हवं. 2007 पासून हा नियम आहे. तिन्हींच्या वेबसाइटवर शोधा. नोंद कुठेच नसेल, तर डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. ही गोष्ट पत्रात स्पष्ट लिहा. मालकाचा सूर बदलायला तेवढं अनेकदा पुरतं. मालकाच्याच घरात एखादी खोली घेऊन राहत असाल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही.

आता पत्र. त्याला इथे 'लेटर बिफोर ॲक्शन', म्हणजे दाव्याआधीचं पत्र, म्हणतात आणि त्यासाठी वकील लागत नाही. राग, पाल्हाळ, टोमणे सगळं बाजूला ठेवा. घराचा पत्ता, राहिल्याच्या तारखा, भरलेली रक्कम आणि कापलेली रक्कम लिहा. मग प्रत्येक कपातीला वेगळं उत्तर द्या: 'गालिच्यासाठी कापलेले पैसे मान्य नाहीत. तो नेहमीच्या वापराने दबला आहे. घरात येतानाच्या इन्व्हेंटरीत (सामान आणि त्याची स्थिती नोंदवलेल्या यादीत) तो जुना असल्याची नोंद आहे. फोटो जोडला आहे.' नेहमीच्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. इस्त्रीने जाळलेल्या डागाचे मात्र द्यावे लागतील, तिथे वाद घालू नका. शेवटी 14 दिवसांची मुदत द्या आणि त्यानंतर कोर्टात दावा करू, असं लिहा.

पत्र कुणाच्या नावे? नोटिसा पाठवण्यासाठी इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता देणं मालकावर बंधनकारक आहे. तो करारात असतो. भाडं एजंट घेत असेल आणि मालक कोण हेच माहीत नसेल, तर एजंटकडे लेखी मागणी करा. 21 दिवसांत मालकाचं नाव-पत्ता सांगावाच लागतो. पत्र टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा. पोस्टाच्या खिडकीवर टाकल्याचा दाखला फुकट मिळतो, तो जपून ठेवा.

डिपॉझिट योजनेत असेल, तर दोन्ही बाजू तयार असल्यास योजनेचा मोफत निवाडा घेता येतो. तिथे कपात का करायची, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. तसं जमलं नाही, तर 10,000 पौंडांपर्यंतचे साधे पैशांचे दावे काउंटी कोर्टात स्मॉल क्लेम म्हणून चालतात.

शेवटच्या महिन्याचं भाडं थकवून डिपॉझिट वळतं करून घेण्याचा सल्ला ओळखीपाळखीतून मिळेल. कृपा करून तसं करू नका. थकबाकी तुमच्या नावावर लागते आणि भक्कम बाजू उगाच लंगडी पडते. अजून घरातच असाल आणि मालक कुलूप बदलून बाहेर काढू पाहत असेल, तर पत्र लिहीत बसू नका. बहुतेक भाडेकरूंना कोर्टाच्या आदेशाशिवाय घराबाहेर काढणं 1977 च्या कायद्याने गुन्हा आहे. लगेच काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन करा. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि शेल्टर या संस्थांचा सल्ला मोफत असतो.