लहान मुलांसाठी अवकाशाचं चित्रपुस्तक निवडताना

दिवाळी जवळ आली की पालक विचारू लागतात, "बाई, पोराला ग्रह-ताऱ्यांचं एखादं चांगलं पुस्तक सांगा की." मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पुस्तक घ्यायला हे दिवस चांगलेच. जूनपासून दसऱ्यापर्यंत आमच्या पावसात चांदणी दिसायची मारामार. कार्तिकात मात्र आभाळ धुऊन काढल्यागत लख्ख होतं. पुस्तकातलं पान बघायचं आणि लगेच अंगणात जाऊन पडताळायचं, हे तेव्हाच जमतं.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की बहुतेक जण मजकूर वाचतात. तुम्ही आधी चित्रं तपासा. अक्षरओळख नसलेलं मूल चित्रच वाचतं, आणि चुकीचं चित्र एकदा मनात बसलं की ते पाचवी-सहावीतही निघता निघत नाही.

सुरुवात चंद्रकोरीपासून करा. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी काढली असेल तर ते पुस्तक नको. ती जागा मोकळी नसते. तिथं चंद्राचाच अंधारातला भाग असतो, त्यातून पलीकडची चांदणी दिसणार कशी? मग कोर उभी आहे की आडवी ते बघा. युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या पुस्तकांत ती बहुधा उभी असते. आपलं बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 16 अंशांवर, त्यामुळं आपल्याकडं संध्याकाळची कोर कललेली दिसते, आणि माघ-फाल्गुनात तर दोन्ही टोकं वर करून जवळजवळ आडवी. उभी कोर चूक नव्हे, ती दूरच्या देशातून तशी दिसते. पण घरात एकच पुस्तक येणार असेल तर त्यातली कोर आपल्या अंगणातल्या कोरीशी जुळणारी असावी, नाहीतर मूल गोंधळतं.

ध्रुवताऱ्याचंही तेच. चित्रात तो उंच आकाशात चमकत असतो. आपल्याकडं हात लांब करून मूठ धरली तर उत्तर क्षितिजापासून साधारण दीड मूठ वर, एवढाच. जांबोटी-कणकुंबीकडच्या झाडीत तर तो सहज झाकला जातो. आणि तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा आहे असं लिहिलेलं असेल, तर लिहिणाऱ्यानं वर बघितलेलं नाही असं समजा. तो मान व्याधाचा. डिसेंबरात जेवणं उरकल्यावर पूर्वेला बघा: मृगातले तीन तारे ओळीत दिसतील, आणि त्यांच्या रेषेत खाली उतरलं की व्याध. व्याधानं मारलेला बाण हरणाच्या पोटात रुतलाय, ही गोष्ट चित्रासकट देणारं पुस्तक मिळालं तर जरूर घ्या. गोष्टीमुळं मुलांना तारे नावानिशी लक्षात राहतात.

चंद्राच्या कला का होतात, या पानावर सगळ्यात जास्त पुस्तकं घसरतात. पृथ्वीची सावली पडून चंद्र लहान-मोठा दिसतो, असं सुचवणारी चित्रं मी बरीच बघितली आहेत. सावली फक्त चंद्रग्रहणात पडते, तेही पौर्णिमेलाच. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, आपल्याला त्यातला कमी-जास्त दिसतो. हे पान बरोबर असेल तर बाकीचं पुस्तकही काळजीनं केलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

मापांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. सूर्याच्या व्यासावर 109 पृथ्व्या एका ओळीत मावतात. खरं प्रमाण कुठल्याच पानावर बसणार नाही. म्हणून ग्रह दाटीवाटीनं काढले तरी चालतील, पण "ही अंतरं खरी नाहीत" असं पुस्तकानं कुठंतरी म्हणायला हवं. म्हटलेलं नसेल तर तुम्ही दाखवा. मोसंबी ही पृथ्वी मानली तर चंद्र सुपारीएवढा, आणि दोघांतलं अंतर सव्वादोन मीटर. मुलांना आधी सुपारी कुठं ठेवायची ते विचारा. ती मोसंबीला चिकटूनच ठेवतात, आणि मग खरी जागा दाखवली की तोंडाचा आ होतो.

छपाईचं साल बघाच. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक 2006 च्या आधीच्या माहितीवर चाललंय. शनीच्या चंद्रांचा आकडा मात्र जुना असला तरी चालवून घ्या; 2025 मध्ये तो 274 वर गेला, पुढंही वाढेल.

आपल्या यानांची पानं असलेलं पुस्तक मी आधी उचलते. चांद्रयान-3 हे 23 ऑगस्ट 2023 ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्या चित्रात उतरलेल्या विक्रम यानाचे पाय चार आणि त्यातून निघालेल्या प्रज्ञान या गाडीची चाकं सहा आहेत का, मोजा. मुलं मोजतातच. वर्गात एकानं बोट ठेवून मोजलं आणि ओरडला, "बाई, ह्या बाजूला तीनच हाईत!" मग पलीकडच्या बाजूची तीन कुठं गेली यावर वर्गात अर्धा तास वाद रंगला. शेजारी झेंडा धरलेला अंतराळवीर काढला असेल तर मात्र ते चित्र खोटं. त्या मोहिमेत माणूस नव्हता.

सूर्याच्या पानावर "सूर्याकडं थेट बघू नका" हे ठळक हवं. नसेल तर पेननं स्वतः लिहा.

भाषेची काळजी करू नका. आपल्या भागात पोरगं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत आणि घर मराठी, हे नेहमीचंच. राष्ट्रीय पुस्तक न्यास आणि प्रथम बुक्स मराठीतही छापतात, कन्नडमध्येही. एकच पुस्तक दोन्ही भाषांत मिळालं तर आजी मराठीतून वाचेल, दादा कन्नडमधून. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर कित्येक गोष्टी फुकट आहेत; पण झोपताना मोबाईलपेक्षा कागद बरा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पानं आणि एका पानावर एकच वस्तू द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला "का?" विचारणारं पुस्तक लागतं. गुळगुळीत, चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली डोळ्यांवर येतो, म्हणून दुकानातच पान दिव्याखाली तिरकं धरून बघा, आणि मधली शिवण ओढून बघा. नुसत्या पिना मारलेलं पुस्तक आमच्या वर्गात महिनाभरही टिकत नाही.