आमदारकी लढवताय? मग या चुका टाळा

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला की प्रांत कार्यालयाबाहेर हलगी, गुलाल, जेसीबीवरून फुलांची उधळण, सगळं असतं. आणि त्याच गर्दीत उमेदवाराचा एखादा भाऊ किंवा मेहुणा फाइल काखेत मारून नोटरी शोधत पळत असतो. मी अर्ज, शपथपत्रं आणि खर्चाच्या हिशेबाचं काम बघतो, पक्षाच्या उमेदवारांचंही आणि अपक्षांचंही. प्रत्येक निवडणुकीत माणसं नवी असतात, चुका मात्र त्याच. चांगली, लोकांत काम केलेली पोरं अशा चुकांनी मतदानाच्या आधीच बाहेर पडतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

सूचक घाईत गोळा करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला, दहा लागतात. हे दहाच्या दहा त्याच विधानसभा मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. ‘आपल्या तालुक्यातला आहे’ एवढ्यावर भागत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी महसूल मंडळांप्रमाणे आखल्या गेल्या, त्यामुळे कित्येक तालुके दोन मतदारसंघांत विभागले गेले. कराड तालुक्यातलंच बघा, काही गावं उत्तरेत, काही दक्षिणेत. बाजार एक, एसटी स्टँड एक, सोयरीक एक, पण आमदार वेगळा.

आमच्याकडे एका तरुणाने अपक्ष अर्ज भरला होता. दुष्काळात चारा छावणी चालवलेला, पाण्याच्या टँकरसाठी तहसीलवर ठिय्या मांडलेला, गावोगाव नाव असलेला मुलगा. शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या जरा आधी अर्ज आत गेला, तोही एकच. छाननीला समोरच्या वकिलाने यादी उघडली आणि दहातले तीन सूचक शेजारच्या मतदारसंघातले निघाले. ओढ्याच्या पलीकडची वस्ती, ग्रामपंचायत वेगळी, मंडळ वेगळं. चौथ्या सूचक होत्या एक आजी. त्यांचा अंगठा घरीच, ओसरीवर बसून घेतलेला. निरक्षर सूचकाचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो, नाहीतर तो धरला जात नाही. सहाच सूचक उरले. मुलाचे वडील दारात हात जोडून उभे होते. ‘साहेब, आमच्या वाडीतली वीस माणसं बाहेर बसलीत, पाहिजे त्याची सही घ्या.’ पण आदल्या दिवशीचे तीन वाजून गेल्यावर सूचक बदलता येत नाही. नावातली वेलांटी चुकली, वयाचा आकडा इकडचा तिकडे झाला, अशा किरकोळ चुकांवर अर्ज बाद करता येत नाही, कायदाच तसं सांगतो. दहाच्या जागी सहा सूचक ही किरकोळ चूक नव्हे. अर्ज बाद झाला. पत्रकं छापून गाडीत पडून होती.

माझी पद्धत सांगतो. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. मी चारही भरायला लावतो, आणि प्रत्येकाला वेगळे दहा सूचक. एक संच अडकला तर दुसरा तारतो. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मी अंतिम यादी आणि पुरवणी यादी समोर ठेवूनच लिहितो. कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मतदार चिठ्ठीच्या फोटोवरून कधीच नाही. आणि शेवटच्या दिवशी अर्ज भरत नाही. ज्योतिषाने मुहूर्त शेवटच्याच दिवसाचा दिला असेल तर तीन संच आधी भरून टाका आणि चौथा मुहूर्तावर वाजतगाजत भरा. दोन्ही साधतं.

शपथपत्रात रकाने मोकळे सोडणं

नमुना २६ हा लांबलचक कागद आहे आणि भरणारा माणूस मध्येच कंटाळतो. लागू नसलेल्या रकान्यात रेघ ओढतो किंवा तो तसाच सोडतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की रकाना मोकळा ठेवणं म्हणजे मतदारापासून माहिती लपवणं. अधिकाऱ्याने लेखी सांगूनही तो भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. ‘निरंक’, ‘लागू नाही’, ‘माहिती नाही’, जे खरं असेल ते लिहा. इथे छाननी सुरू होईपर्यंत नवं शपथपत्र देता येतं, एवढी तरी सोय आहे.

जास्त गोंधळ मालमत्तेचा. पत्नीचं माहेरून आलेलं सोनं, भावांबरोबर सामाईक असलेला सातबारा, सोसायटीचं थकीत पीककर्ज, पोरीच्या नावचं सुकन्या खातं, यातलं काहीतरी राहतंच. मी आधी घरातल्या बाईमाणसांना विचारतो, कारण पासबुकं कुठल्या डब्यात आहेत हे त्यांनाच माहीत असतं. आंदोलनातले जुने गुन्हे तर लोक विसरूनच जातात. पोलीस ठाण्यातून आणि कोर्टातून माहिती काढा, ‘ते केव्हाच मिटलं’ यावर विसंबू नका. प्रकरण चालू असेल तर प्रचाराच्या काळात वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावं लागतं, त्याचाही खर्च धरून ठेवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मतदार म्हणून नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडा.

अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. अर्ज देऊन लगेच रॅलीकडे पळू नका.

अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतली तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची. म्हातारीला लांबून ओळखू येईल असं चिन्ह घ्या. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत तुतारी आणि पिपाणीच्या घोळात पिपाणीवाल्या अपक्षाला लाखावर मतं पडली, हे विसरू नका.

प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

दहा हजारांची अनामत चिल्लरमध्ये नेऊ नका. फोटो एक दिवस चालतो, पण मोजण्यात तुमचाच वेळ जातो आणि कर्मचाऱ्यांना फुकटचा ताप.

बूथ रिकामा ठेवणं

महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ आणि सुमारे एक लाख मतदान केंद्रं, म्हणजे एका उमेदवाराच्या वाट्याला साधारण साडेतीनशे. नवा उमेदवार ड्रोन, रील आणि गाण्यांवर पैसे ओततो. मतदानाच्या आदल्या रात्री मात्र निम्म्या केंद्रांवर त्याचा प्रतिनिधी कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते ज्याला साडेतीनशे भरवशाची माणसं गोळा करता येत नाहीत, त्याने अजून पाच वर्षं गावं फिरावीत. कटू वाटेल, पण २०२४ ला विधानसभेला ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यातले जवळपास निम्मे अपक्ष, आणि निवडून आलेले अपक्ष फक्त दोन: जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. सोनवणे २०१४ ला आमदार झालेले होते, पाटील २०१९ ला लढून हरलेले होते. अचानक उगवलेलं कुणीच नव्हतं.

प्रतिनिधीचं काम मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधीच सुरू होतं. २०२४ ला सातला मतदान होतं, म्हणजे साडेपाचला अभिरूप मतदान, यंत्र नीट चालतंय का हे बघायची चाचणी. तुमचा माणूस आला नाही तर केंद्राध्यक्ष पंधरा-वीस मिनिटांवर थांबत नाहीत. त्याने स्वतः बटणं दाबायची, निकाल बघायचा, मग यंत्र कोरं केलेलं बघायचं, सीलवर सही करायची. आणि संध्याकाळी नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि पडलेली एकूण मतं त्यावर असतात. मतमोजणीला टेबलावर यंत्र आलं की तुमच्याकडे ताळा करायला तोच एक कागद असतो.

एका मतमोजणीत हरलेल्या उमेदवाराचा भाऊ ‘आमच्या गावची मतं गेली कुठं?’ म्हणून जाळीला धरून ओरडत होता. अधिकाऱ्यांनी शांतपणे त्या केंद्राची १७-सी मागितली. त्यांच्याकडे एकाही केंद्राची नव्हती. पोरं दुपारी जेवायला म्हणून गेली होती, ती परत फिरलीच नाहीत. त्या माणसाची शंका खरी होती की खोटी, हे आता कधीच कळणार नाही. आणि फरक किती छोटा असू शकतो? २०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८.

म्हणून मी प्रत्येक केंद्राला एक प्रतिनिधी आणि दोन बदली माणसं लिहून घेतो, नमुना १०, म्हणजे प्रतिनिधीच्या नेमणुकीचा कागद, आदल्या दिवशीच त्यांच्या हातात देतो, आणि डबा केंद्रावर पोचवायची जबाबदारी वेगळ्या माणसावर टाकतो. १७-सी चा फोटो काढून पाठवायचा आणि मूळ प्रत रात्रीच कार्यालयात आणून द्यायची. प्रत आल्याशिवाय त्या केंद्रापुढे मी खूण करत नाही.

हरल्यावर हिशेब न देणं

अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढा. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख देऊ नका. नोंदवही रोज लिहा, कारण प्रचारात ती तीनदा तपासली जाते, आणि मंडपवाला, स्पीकरवाला, वडापाववाला यांची बिलं नंतर आठवून लिहिता येत नाहीत.

निकाल लागला की हरलेला उमेदवार फोन बंद करून बसतो. निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो, जिंकलेल्याने आणि डिपॉझिट गेलेल्यानेही. सबळ कारणाशिवाय दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. एका पराभवाने खचलेल्या पोराला पुढची निवडणूकही लढता येऊ नये, तीही निव्वळ आळसापायी, हे मला बघवत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळी बिलं, बँकेचा उतारा आणि नोंदवही घेऊन बसा, राहिलेली देणी खात्यातून चुकती करा, हिशेब दाखल करा आणि सही-शिक्क्याची पोच मागून घ्या.