मंत्रसाधना करताय? मग या चुका टाळा

तुळशीबागेजवळ माझं पूजासाहित्याचं लहानसं दुकान आहे. जपमाळा, गोमुख्या, दर्भासनं, अष्टगंध, तांब्याची यंत्रं. धंद्याच्या हिशोबानं मी गिऱ्हाइकाला खुशाल चुकू द्यायला हवं, कारण चुकलेला माणूस तीन महिन्यांनी दुसरी माळ न्यायला येतोच. पण त्याच त्या चुका ऐकून आता कान किटलेत.

माझी सगळ्यात लाडकी चूक म्हणजे गणित न करता बसणं. ‘21 दिवसांत सिद्धी’ असं मोबाईलवर कुठंतरी वाचून पोरं येतात. शास्त्रातला साधा नियम आहे, मंत्रात जितकी अक्षरं तितके लाख जप. त्याला पुरश्चरण म्हणतात. गायत्रीची अक्षरं 24, म्हणजे 24 लाख. माळेचे मणी 108 असले तरी धरायचे शंभरच, वरचे आठ चुकलेल्या जपापोटी सोडायचे. रोज दहा माळा केल्या तर हजार जप होतात, त्यालाच अडीच तास लागतात. म्हणजे 2400 दिवस, साडेसहा वर्षं. पुढे दशांशाची, म्हणजे दर पायरीला दहाव्या भागाची, उतरंड वेगळीच: हवन 2,40,000, तर्पण 24,000, मार्जन (पाणी शिंपडणं) 2,400 आणि 240 जणांचं जेवण. रोज एक माळ करून 21 दिवसांत होतात 2,100. हजारातला एक भागसुद्धा नाही! आणि बाविसाव्या दिवशी पोरगा विचारतो, ‘काका, काहीच कसं जाणवत नाही?’

हे गणित एकदा कोथरूडच्या एका हुशार मुलाला सांगितलं. आयटीवाला, त्यामुळे त्याला लगेच पळवाट सापडली. ग्रहणाच्या स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, अखंड जप केला की पुरश्चरण झालं असं धरतात, हे त्यानं शोधून काढलं. गोष्ट खरी आहे, परंपरेत तशी सोय आहे. साडेसहा वर्षांचं काम साडेतीन तासांत! 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास चंद्रग्रहण इथून दिसणारं होतं, ते याचं हुकलं. कारण काय, तर सासुरवाडीला गेला होता. मग त्यानं पुढचं धरलं, 21 तारखेचं, सर्वपित्री अमावास्येचं सूर्यग्रहण.

रात्री अकराला फोन. ‘काका, स्पर्श झाला, बसतो.’

मी म्हटलं, ‘अरे, सूर्य कुठाय?’

पलीकडून आवाज नाही. ते ग्रहण न्यूझीलंडकडचं. पुण्यातला सूर्य साडेसहालाच मावळला होता. जिथं ग्रहण दिसत नाही तिथं त्याचं पुण्यही नाही आणि वेधही नाहीत, हे कुठल्याही पंचांगात छापलेलं असतं. पण पंचांग उघडतो कोण? बरं, नाभीपर्यंत पाण्यात उभं राहून जप करायचा असंही त्यानं वाचलं होतं. नदीत उतरणं शक्य नव्हतं (आपली मुठा बघता ते शहाणपणाचंच म्हणायचं), म्हणून हा गच्चीवर निळ्या पिंपात पाणी भरून त्यात उभा. आठवडाभर शिंकत होता. आता रोज तीन माळा करतो आणि दुकानात आला की पिंपाचा विषय निघू देत नाही.

माझी सवय सांगतो. देव्हाऱ्याशेजारी शाळेची शंभर पानी वही ठेवा. तारीख, माळा, एकूण. पाच अक्षरांच्या ‘नमः शिवाय’ला पाच लाख लागतात, तिथून सुरुवात करा. खाडा झाला तर खाडा लिहा.

दुसरी चूक खास पुणेरी आहे. मंत्र तीन तऱ्हेचे. वैदिक मंत्रात स्वर सांभाळावा लागतो, उदात्त-अनुदात्त चुकले की काम बिघडलं. तांत्रिक मंत्रात बीजं (ऱ्हीं, क्लीं अशी अक्षरं), न्यास (अंगाला हात लावून मंत्र ठेवणं) आणि यंत्र यांची जोड लागते. आणि तिसरे शाबरी, मच्छिंद्रनाथ-गोरखनाथ या नाथांचे. ते लोकांच्या बोलीतले, अर्धे हिंदी, अर्धे कशातले कुणास ठाऊक. हे मंत्र गुरूकडून जसे ऐकले तसे म्हणायचे. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना एक शाबरी मंत्र मिळाला. शेवट नेहमीचाच, ‘फुरो मंत्र ईश्वरो वाचा’. सरांना ‘फुरो’ सहन होईना. त्यांनी ‘स्फुरतु’ केलं, ‘ईश्वरो वाचा’चा समास सुधारला, मधल्या दोन ओळी अनुष्टुभात बसवल्या आणि सुवाच्य अक्षरात लिहून लॅमिनेट करून आणलं. मला म्हणाले, ‘दुकानात लावा, लोकांना शुद्ध पाठ मिळेल.’ मी म्हटलं, सर, मच्छिंद्रनाथांच्या वहीत लाल शाई चालवायची नसते. ते रागावले. ते लॅमिनेशन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काव्य म्हणून झकास आहे.

मनातल्या मनात जप हजारपट श्रेष्ठ, म्हणून थेट तिथून सुरुवात. मनुस्मृतीत तसं आहे हे खरं, पण नवशिक्याचा मानस जप म्हणजे बसल्या बसल्या डुलकी. आधी मोठ्यानं, मग ओठांतल्या ओठांत, आणि मनातलं पुढच्या वर्षी बघू.

तर्जनी मण्याला लावणं. मेरू, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडणं. चालू बसमध्ये माळ ओढणं. नको.

एकाच वेळी चार मंत्र. सोमवारी शंकराचा, मंगळवारी देवीचा, शनिवारी कुणीतरी पाठवलेला. चार ठिकाणी चार-चार फूट खणून विहीर लागत नाही.

आता ज्याची मला चीड आहे ते. तंत्रात सहा कर्मं सांगितली आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन (थोपवणं), विद्वेषण (वैर लावणं), उच्चाटन (हुसकून लावणं), मारण. दहातले सात जण दुसऱ्याला वळवायला येतात. सून ऐकत नाही, साहेब बढती देत नाही, ती हो म्हणत नाही. एक बाई सोन्याच्या दोन बांगड्या मोडून कुणा महाराजाला पैसे देऊन आल्या होत्या आणि माझ्याकडे ‘वशीकरणाचं यंत्र’ मागत होत्या. त्यांना पाणी दिलं, बसवलं, यंत्र दिलं नाही. तासभर सुनेबद्दल बोलल्या. शेवटी लेकाचं घर वेगळं होतंय, एवढंच दुखणं निघालं. 20 ऑगस्ट 2013 ला याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. मी श्रद्धाळू माणूस, पण हा कायदा मला आमच्याच बाजूचा वाटतो. माळ घेऊन बसणाऱ्याला त्याचं काही भय नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं मन फिरवून देतो म्हणणाऱ्याला मात्र असावं. मी शांतीपलीकडचं साहित्य ठेवत नाही. शेजारचा ठेवतो, त्याचा धंदा बरा चालतो.

राहता राहिली तुटलेली माळ. ती तुटली म्हणजे कुणी करणी केली असं नाही, घामानं दोरा कुजला. पटवेकऱ्याकडून (माळा ओवणाऱ्याकडून) ओवून घ्या, दर दोन मण्यांत गाठ मारायला सांगा, आणि मणी देताना मोजा, घेताना मोजा. मागच्या महिन्यात एकजण 107 मणी घेऊन घाबराघुबरा आला, म्हणाला हा संकेत आहे. उरलेला मणी माझ्याच गल्ल्याखाली सापडला.